मोटारसायकलचा चिमटा डुलतो तेव्हा

आपल्या वस्त्यांतून आज घरटी एखादी मोटारसायकल दिसते. कोणी तिच्यावरून एमआयडीसीतल्या पहिल्या पाळीला जातो, कोणी पहाटे मार्केटमधून भाजीची पोती आणतो, कोणी दिवसभर दारोदार पार्सले पोचवतो. संध्याकाळी तीच गाडी दवाखान्याला, बाजाराला आणि मुलांच्या क्लासला जाते. पोटाला चिमटा घेऊन, हप्ते फेडून घेतलेली ही वस्तू म्हणजे कष्टकरी घराचा एक कमावता हातच होय. ती बंद पडली की रोज बुडतो. पण बंद पडण्यापेक्षाही वाईट गोष्ट अशी की गाडी चालू असावी आणि आतून बिघडलेली असावी. कारण तिच्या मागच्या सीटवर आपलेच माणूस बसलेले असते.

टायर गुळगुळीत झाला तर तो डोळ्यांना दिसतो. ब्रेक लागेनासा झाला तर पायाला कळते. परंतु गाडीत एक भाग असा आहे की तो वर्षानुवर्षे मडगार्डखाली, चिखलाआड काम करीत राहतो आणि त्याची आठवण कोणालाच होत नाही. गॅरेजमधले लोक त्याला चिमटा म्हणतात. कंपनीच्या पुस्तकात त्याचे नाव स्विंग आर्म असे आहे. या चिमट्याचे भाग बदलण्याची वेळ आली तर काय पाहावे, काय घ्यावे आणि काय घेऊ नये, याची माहिती वाचकांना व्हावी म्हणून आम्ही हा लेख देत आहोत.

चिमट्याचे काम

गाडीच्या मागे जाऊन खाली वाकून पाहा. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पाइपाचे किंवा चौकोनी पट्टीचे दोन हात दिसतील. पुढे ते एकमेकांना जोडलेले असतात आणि मागे त्यांच्या टोकांत चाकाचा एक्सल बसतो. आकार चुलीजवळच्या चिमट्यासारखा, म्हणून नावही तेच पडले. चिमट्याचे पुढचे टोक फ्रेमला एका लांब पिनेने जोडलेले असते. दाराची बिजागरी जशी दाराला फिरू देते, पण चौकटीतून निसटू देत नाही, तसेच या पिनेचे काम. खड्डा आला की चाक वर जाते, चिमटा पिनेभोवती वर फिरतो, शॉकअप दबतो आणि धक्का पाठीपर्यंत कमी पोचतो.

जुन्या काळी पुष्कळ मोटारसायकलींचे मागचे चाक सरळ फ्रेमलाच पक्के बसवलेले असे. दुसऱ्या महायुद्धानंतर चिमट्याची पद्धत हळूहळू सगळीकडे रुळली. रॉयल एनफिल्डची बुलेट 1949 साली अशा चिमट्यासह विलायतेत विक्रीस आली आणि 1955 पासून ती मद्रासेत तयार होऊ लागली. आज आपल्या रस्त्यांवरच्या यच्चयावत मोटारसायकलींना चिमटा असतोच.

यात ध्यानात ठेवण्याची गोष्ट एकच. चिमटा वर-खाली हलला पाहिजे, पण डावी-उजवीकडे मुळीच हलता कामा नये. तो आडवा हलू लागला की मागचे चाक पुढच्या चाकाच्या मागे सरळ चालत नाही. हे आडवे हलणे थांबवण्याचे काम करतो तो चिमट्याचा बुश. मुठीत मावणारा एवढासा भाग. सगळ्या कुटुंबाचे ओझे त्याच्यावर तोललेले असते.

दोष कसा ओळखावा

बुश एका दिवसात जात नाही. तो हळूहळू जातो, आणि चालवणाऱ्याला त्या डुलण्याची सवय होऊन जाते. पुढील लक्षणे दिसली तर सावध व्हावे. वळणावर गाडीची शेपूट बाहेर ओढल्यासारखी वाटते. मागचा ब्रेक दाबला की गाडी एका अंगाला सरकते. लहानशा खड्ड्यातही सीटखालून ठक असा आवाज येतो. रिकाम्या गाडीवर काही जाणवत नाही, पण मागे माणूस बसले की हँडल हलके होऊन गाडी लाटेसारखी झुलते. चेन एका बाजूने घासते किंवा मागचा टायर एकाच कडेला झिजतो.

परंतु लक्षण म्हणजे निदान नव्हे. टायरात हवा कमी असली तरी गाडी झुलते. चाकाचे बेअरिंग गेले तरी झुलते. हँडलचा कोनसेट सैल झाला तरी झुलते. म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी घरच्या घरी एक तपासणी करावी. तिला पाच मिनिटे लागतात आणि एकही पाना लागत नाही.

गाडी सपाट जागेवर डबल स्टँडवर लावा. एकाने पुढून गाडी घट्ट धरावी. दुसऱ्याने मागे बसून चिमट्याची दोन्ही टोके, म्हणजे एक्सलच्या जवळचा भाग, दोन हातांत धरावी आणि डावी-उजवीकडे जोराने ढकलून पाहावी. चाक धरू नका, चिमटाच धरा. चिमटा फ्रेमच्या जोडापाशी हलत असेल, टक् टक् असा ठोका हाताला लागत असेल, तर बुश किंवा पिन झिजली असे समजावे. यालाच मेकॅनिक लोक प्ले म्हणतात.

आता चिमटा सोडून टायर वरून आणि खालून धरा आणि तसाच हलवा. चिमटा स्थिर आहे पण चाक आत-बाहेर हलते, असे दिसले तर दोष चाकाच्या बेअरिंगचा आहे. दोन्ही तपासण्यांत काही हलले नाही तर टायरातील हवा, शॉकअप आणि पुढचा कोनसेट पाहावा. एवढे केले तरी पुष्कळदा पैसे वाचतात. गाडी डुलते म्हटल्यावर दोन्ही नवे शॉकअप घालून घेतले आणि डुलणे तसेच राहिले, असे अनेक घरांत घडते. कारण दोष शॉकअपचा नव्हताच, तो थोडक्या किमतीच्या बुशाचा होता.

बुश, पिन की अख्खा चिमटा?

हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. गॅरेजमध्ये पुष्कळदा “चिमटा गेला” एवढेच सांगितले जाते. त्यातून काय गेले ते स्वतः विचारून घ्यावे. या जोडात साधारणपणे पुढील भाग असतात. दोन्ही बाजूंचे बुश, त्यांच्या आतील लोखंडी नळी म्हणजे स्लीव्ह किंवा कॉलर, बाजूचे वॉशर आणि धूळ अडवणाऱ्या टोप्या, लांब पिन आणि तिचा नट. शिवाय चिमट्यावर चेन घासू नये म्हणून बसवलेली रबरी किंवा प्लॅस्टिकची पट्टी असते आणि मागच्या टोकाला चेन ताणण्याचे अ‍ॅडजस्टर असतात.

बुश नेहमी जोडीने बदलावेत. एक नवा आणि एक जुना असे केले तर सगळा भार नव्यावर येतो आणि चिमटा तिरका बसतो. पिन काढल्यावर ती स्वच्छ पुसून काचेवर किंवा गुळगुळीत फरशीवर लोळवून पाहावी. ती वाकलेली असेल तर डुगडुगत लोळेल. तिच्यावर बोटाला लागणारी खाच पडली असेल किंवा गंजाने ती खाल्ली असेल, तर पिनही बदलावी. जुन्या खराब पिनेवर नवे बुश घालणे म्हणजे फुटक्या माठाला नवे झाकण आणणे होय. नट मात्र प्रत्येक वेळी तपासावा. पुष्कळ गाड्यांत तो सेल्फ लॉकिंग असतो, म्हणजे त्याच्या आतल्या कडीमुळे तो आपोआप सुटत नाही. हाताने सहज फिरू लागलेला असा नट पुन्हा वापरू नये.

अख्खा चिमटा बदलावा लागतो तो तीनच प्रसंगी. अपघातात किंवा अतिभाराने तो वाकला असेल तर, गंजाने पोकळ झाला असेल किंवा त्याला तडा गेला असेल तर, आणि बुश बसण्याचे घर मोठे होऊन नवा बुशही सैल पडत असेल तर. तडा गेलेल्या चिमट्याला वेल्डिंग मारून देणारे पुष्कळ भेटतात. पैसे वाचतात हे खरे. पण वेल्डिंगच्या उष्णतेने चिमटा ओढला जाऊन तिरका होतो, आणि सांध्याच्या शेजारची जागा कच्ची राहून पुढचा तडा तेथून जातो. मागे दोन माणसांचा भार घेऊन धावणाऱ्या भागावर ही काटकसर करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बुशाचे तीन प्रकार

बहुतेक लोकप्रिय शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांत रबरी बुश असतो. बाहेर लोखंडी कडी, आत लोखंडी नळी आणि दोघींच्या मध्ये घट्ट चिकटवलेले रबर. बाहेरची कडी चिमट्यात दाबून बसते. आतली नळी पिनेबरोबर फ्रेममध्ये आवळली जाते. चिमटा वर-खाली होतो तेव्हा काहीही घासत नाही, फक्त रबर पिळले जाते आणि परत येते. म्हणून या बुशाला ग्रीस लागत नाही. उलट तेल, डिझेल, रॉकेल हे रबराचे शत्रू आहेत. गाडी धुण्याच्या ठिकाणी चमक यावी म्हणून डिझेलचा फवारा मारतात, त्याने हे रबर फुगते आणि लवकर सुटते.

दुसरा प्रकार घासून फिरणाऱ्या बुशाचा. तो पितळेसारख्या मिश्रधातूचा किंवा टणक प्लॅस्टिकचा असतो. यातील धातूच्या बुशाला ग्रीस लागतेच, आणि काही गाड्यांत त्यासाठी चिमट्यावर ग्रीस निपल दिलेले असते. तिसरा प्रकार मोठ्या, वेगवान गाड्यांत सापडतो. त्यांत सुईसारख्या बारीक रोलरांचे बेअरिंग असते. त्याला ग्रीसही लागते आणि पाणी आत जाऊ नये म्हणून सीलही लागतात. बेअरिंग बदलताना सील जुनेच ठेवले तर नवे बेअरिंग एका पावसाळ्यात गंजून जाते.

आपल्या गाडीत जो प्रकार कंपनीने दिला असेल तोच घ्यावा. रबरी बुशाच्या जागी “कायमचा टिकेल” म्हणून लेथवर कातून घेतलेला पितळी बुश घालण्याची टूम अधूनमधून निघते. तो काही दिवस घट्ट वाटतो. परंतु त्या गाडीत ग्रीस पोचवण्याची सोयच नसते. मग पितळ कोरडे घासते, धूळ आत जाते आणि बुशाबरोबर पिनही खाल्ली जाते.

दुकानात जाण्यापूर्वी

गाडीचे नुसते नाव सांगून भाग मागणे ही सर्वात मोठी चूक. कारण नाव एकच राहते आणि गाडी बदलत जाते. हीरो होंडाची स्प्लेंडर 1994 साली आली. त्यानंतर त्याच नावाने तिच्या कितीतरी आवृत्त्या निघाल्या, आणि 2011 साली तर कंपनीचेच नाव हीरो मोटोकॉर्प झाले. बजाजची पहिली पल्सर 2001 साली आली तेव्हा तिला मागे दोन शॉकअप होते. 2012 साली आलेल्या पल्सर 200 एनएसला मागे एकच शॉकअप, म्हणजे चिमट्याची घडणच वेगळी. आता कोणी काउंटरवर जाऊन नुसते “पल्सरचा चिमटा द्या” म्हटले, तर दुकानदाराने काय द्यावे? तसेच मागे ड्रम ब्रेक असलेल्या आणि डिस्क ब्रेक असलेल्या गाडीचे नाव एक असले, तरी चिमटा एकच असेल असे धरून चालू नये.

म्हणून पुढील तयारी करून जावे.

पहिली गोष्ट, गाडीचे आरसी बुक किंवा त्याचे कार्ड बरोबर घ्यावे. त्यावर गाडी तयार झाल्याचा महिना, वर्ष आणि चेसिस नंबर असतो. गाडी विकत घेतल्याचे वर्ष आणि तयार झाल्याचे वर्ष वेगळे असू शकते. पार्टसाठी तयार झाल्याचे वर्ष धरावे.

दुसरी गोष्ट, कंपनीचा पार्ट नंबर मिळवावा. सर्व्हिस सेंटरच्या पार्ट्स काउंटरवर चेसिस नंबर सांगितला की नंबर काढून देतात. तो कागदावर लिहून घ्यावा. मग भाग कोठूनही घ्या, पाकिटावरचा नंबर जुळवून पाहता येतो. मोबाईलवरून घरबसल्या मागवणाऱ्यांनी तर फोटोवर न जाता नंबरावरच जावे. फोटोत सगळे बुश सारखेच दिसतात.

तिसरी गोष्ट, जुना भाग बरोबर न्यावा. तो नुसता शेजारी धरून “सारखाच दिसतो” म्हणू नये. चार मापे जुळली पाहिजेत. बाहेरच्या कडीचा व्यास, बाहेरच्या कडीची लांबी, आतल्या नळीच्या छिद्राचा व्यास आणि आतल्या नळीची लांबी. व्हर्निअर असेल तर उत्तम. आपल्या घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी आयटीआयला जात असेल तर त्यांना हे माप घेता येते, आणि शिकलेले कामी आल्याचा आनंदही त्यांना मिळतो.

या चार मापांपैकी शेवटचे, म्हणजे आतल्या नळीच्या लांबीचे माप, लोक विसरतात. नळी जराशी आखूड असली की नट आवळल्यावर फ्रेमच्या पट्ट्या नळीवर न टेकता चिमट्यावरच दाबल्या जातात, आणि चिमटा जाम होतो. नळी लांब असली तर तो बसतच नाही किंवा फ्रेम फाकवून बसवावा लागतो. दोन्ही प्रकार वाईट.

ओरिजनल, दुसऱ्या कंपनीचा आणि डुप्लिकेट

पुण्याची नाना पेठ, मुंबईचे कुर्ला किंवा दिल्लीचे करोल बाग असो, स्पेअर पार्टच्या बाजारात एकाच भागाचे चार भाव ऐकू येतात. त्यांतला फरक समजून घ्यावा. पहिला कंपनीच्या पाकिटातला ओरिजनल. दुसरा, स्वतःच्या नावाने माल काढणाऱ्या दुसऱ्या उत्पादकाचा. हा भाग वाईटच असतो असे नाही. आपले नाव-पत्ता छापून माल विकणाऱ्याची काही जबाबदारी असते, आणि त्यांत चांगला माल पुष्कळ आहे. तिसरा नाव-गाव नसलेला, प्लॅस्टिकच्या पिशवीतला. चौथा डुप्लिकेट, म्हणजे कंपनीच्या पाकिटाची नक्कल करून विकलेला. तो केवळ हलका माल नसून फसवणूक आहे.

पाकीट निरखून पाहावे. सीलबंद पाकिटावर उत्पादकाचे किंवा पॅक करणाऱ्याचे नाव व पत्ता, महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असला पाहिजे. छपाई पुसट, स्पेलिंग चुकलेले, पार्ट नंबर नुसता चिकटवलेला असे दिसले तर घेऊ नये. नव्या कोऱ्या पाकिटावर हीरो होंडा हे जुने नाव दिसले तर ते कोणत्या वर्षीचे आहे ते जरूर पाहावे.

आता भाग हातात घ्या. रबरी बुशात रबर आणि लोखंड यांचा सांधा सगळीकडून सारखा असावा. नखाने रबराची कड उचलली जात असेल तर तो भाग परत करावा. आतली नळी मधोमध असावी, एका बाजूला सरकलेली नसावी. कडीच्या कडा धारदार किंवा दातेरी नसाव्यात. दोन बुश शेजारी उभे करून उंची सारखी आहे का ते पाहावे. वर्षानुवर्षे शेल्फवर पडलेल्या रबराला बारीक चिरा पडतात, त्याही पाहाव्यात.

जुन्या बाजारातून चिमटा घ्यावा लागला तर तो कोणत्या गाडीतून निघाला हा प्रश्न आधी मनात आणावा. भंगारात आलेली गाडी बहुधा अपघातातून आलेली असते. चिमट्याच्या पुढच्या छिद्रांतून एक सरळ सळई घाला आणि मागच्या टोकांतून दुसरी. मग मागे उभे राहून एका डोळ्याने पाहा. दोन्ही सळया एकमेकींना समांतर दिसल्या पाहिजेत. एक वर आणि एक खाली गेलेली दिसली तर चिमटा पिळलेला आहे. नवा रंग मारलेला असेल तर सांध्यापाशी रंग खरवडून वेल्डिंग आहे का ते पाहावे. विकणारा खरवडू देत नसेल तर पुढच्या दुकानात जावे.

बसवताना घ्यायची काळजी

चांगला भाग आणून तो हातोड्याने ठोकून बसवला तर आणलेला सगळा शहाणपणा वाया जातो. ठोकल्याने कडी चेपते, रबर आतून सुटते आणि नवा बुश महिन्याभरात जुना होतो. बुश काढायला आणि घालायला प्रेस असते. प्रेस नसेल तर लांब बोल्ट, जाड वॉशर आणि योग्य मापाचा पाइपाचा तुकडा घेऊन नट आवळत आवळत बुश सरळ आत ओढता येतो. दाब नेहमी बाहेरच्या कडीवर द्यावा, आतल्या नळीवर कधीही देऊ नये. आपला मेकॅनिक बुश कसा बसवतो हे काम देण्यापूर्वीच विचारावे. त्यात त्याचा अपमान नाही. चांगल्या कारागिराला चांगला प्रश्न विचारलेला आवडतो.

पुष्कळदा पिन गंजून नळीत इतकी घट्ट धरते की ती निघतच नाही. तेव्हा घाई करू नये. गंज सोडवणारे तेल पिनेच्या दोन्ही टोकांना लावून ते मुरू द्यावे. नट टोकाला धरून ठेवून मगच ठोकावे, म्हणजे आटे चेपत नाहीत. नवी पिन घालताना तिच्यावर ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवावा. हे गंजासाठी, बुशासाठी नव्हे. रबरावर आलेले ग्रीस पुसून टाकावे.

एक बारकावा चांगले चांगले मेकॅनिकही विसरतात. रबरी बुश असलेल्या गाडीत पिनेचा नट शेवटचा आवळताना गाडी दोन्ही चाकांवर उभी असावी, डबल स्टँडवर नसावी. कारण नट आवळला की आतली नळी त्याच जागी पक्की होते. चाक लोंबकळत असताना आवळले, तर गाडी खाली उतरताच रबर पिळले जाते आणि नंतर ते कायम पिळलेलेच राहते. असा बुश लवकर फाटतो. नट किती आवळायचा याचा आकडा कंपनीच्या पुस्तकात असतो. टॉर्क पाना असलेल्या ठिकाणीच हे काम द्यावे.

काम झाल्यावर चेनची ढील पुस्तिकेप्रमाणे ठेवावी. फार ताणलेली चेन चिमट्याला सतत पुढे ओढते आणि नवे बुशही लवकर झिजवते. चेन ताणताना दोन्ही बाजूंच्या अ‍ॅडजस्टरवरच्या खुणा सारख्याच आल्या पाहिजेत. शेवटी एक सुतळी मागच्या टायरला दोन्ही कडांना टेकवून पुढच्या चाकापर्यंत ताणावी. मग तसेच दुसऱ्या बाजूने करावे. दोन्ही बाजूंना पुढच्या टायरपासून अंतर सारखे आले तर चाके एका रेषेत आहेत. गवंडी ओळंबा लावून भिंत पाहतो, त्यातलाच हा प्रकार.

बिल आणि आपला हक्क

दहा-वीस रुपये कमी होतात म्हणून आपण बिल सोडून देतो आणि भाग खराब निघाला की हात चोळत बसतो. बिल घ्यावेच. त्यावर भागाचे नाव, पार्ट नंबर आणि तारीख लिहून घ्यावी. मेकॅनिककडून काढलेला जुना भाग परत मागावा. तो आपल्या मालकीचा असतो, आणि तो हातात असला की खरोखर बदलला की नाही हेही कळते.

ग्राहक संरक्षणाचा 2019 चा कायदा जुलै 2020 पासून लागू आहे. सदोष वस्तू आणि निष्काळजी सेवा या दोन्हींविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही आणि वकील केलाच पाहिजे असेही नाही. तत्पूर्वी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर फोन करून सल्ला घेता येतो. लहान रकमेसाठी कोण भांडणार, असे म्हणून आपण गप्प बसतो. पण गरिबाच्या खिशातून गेलेली रक्कम लहान नसते.

घरातील सर्वांसाठी

गाडी चालवतो घरचा एकजण, पण तिच्यावर बसतात सगळे. म्हणून ही तपासणी घरातील बायाबापड्यांनी आणि मोठ्या मुलामुलींनीही शिकून घ्यावी. महिन्यातून एका सुट्टीच्या दिवशी गाडी धुताना चिमट्याची टोके धरून एकदा हलवून पाहण्याची सवय लावावी. पावसाळा संपल्यावर तर हमखास पाहावे, कारण पावसाळ्यातच पाणी आणि चिखल सांध्यांत शिरतो. मागे बसणाऱ्या माणसाला डुलणे चालवणाऱ्याच्या आधी जाणवते. बायकोने किंवा आईने “गाडी मागून हलते” असे सांगितले, तर “तुला काय कळते” असे म्हणू नये. तिला आधी कळते, कारण ती त्या चाकाच्या बरोबर वर बसलेली असते.

आणखी एक, थोडे कटू पण आवश्यक. नवरा, बायको आणि मध्ये दोन लेकरे, वर हँडलला पिशव्या, अशी चाललेली गाडी आपण रोज पाहतो. बसचे तिकीट परवडत नाही, रिक्षा मिळत नाही, हे आम्ही जाणतो. तरी कायद्याने चालकामागे एकच माणूस बसवता येते, आणि गाडीचा चिमटा, बुश, शॉकअप हे सगळे तेवढ्याच हिशेबाने बनवलेले असतात. जादा भार रोज घातला तर कितीही ओरिजनल बुश घाला, तो टिकणार नाही. दोन फेऱ्या केल्याने पेट्रोल थोडे जास्त जाईल, पण माणसे घरी येतील.

तेव्हा वाचकांनी एवढे करावे. आधी दोष नेमका शोधावा आणि मगच खर्च करावा. नावावर न जाता वर्ष, नंबर आणि माप यांवर जावे. बुश जोडीने घ्यावेत, हातोड्याने ठोकू देऊ नयेत आणि बिल जपून ठेवावे. हा लेख कापून गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवला तर गॅरेजमध्ये उभे असताना उपयोगी पडेल. शेजारच्या घरातली गाडीही येत्या सुट्टीला एकदा हलवून पाहायला सांगावी.